टॅक्सचाचांचा खजिनदार

कमाईवर आयुष्यात एक फिल्स, म्हणजे एक पैसाही, कर न भरलेला माणूस करासाठी इतका जीव टाकू शकतो, हे मला टॅक्सचाचांनी दाखवलं. चाळीस वर्षं इथे आखातात, रोल्लाच्या बाजारात, अत्तर विकलं त्यांनी. पण अमेरिकेतल्या करसवलतींची मुदत वर्षअखेर संपणार हे कळलं, आणि त्यांची रक्तदाबाची अर्धी गोळी पूर्ण झाली.

चाचा रत्नागिरीचे, अल मजाजला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मुलगी रुबिना टेक्सासला पाळणाघर चालवते. "सवलती गेल्या तर तिकिटं जमायची नाहीत, अब्बा," असं तिने सांगून ठेवलेलं. आणि डिसेंबरात चाचा घर सोडून कायमचे गावी निघणार होते. ज्या घरात ती वाढली, ते तिने मुलाला एकदा आणून दाखवावं, एवढाच त्यांचा हट्ट.

"आपल्या खजिनदाराचं काय झालं?" असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारत. नवे भाडेकरू समजत, इमारतीची निवडणूक असेल. हा खजिनदार म्हणजे अमेरिकेच्या तिजोरीवर मंत्री म्हणून ज्याचं नाव सुचवलं होतं तो गृहस्थ. सवलतींना मुदतवाढ हवी म्हणाला, म्हणून तो आपला. त्याचं नाव चाचांना शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही.

एक दिवस म्हणाले, "बाय, माणूस चांगला आहे, पण त्याला एनओसी कोण देणार?"

इथे आमची उमर गेली ती नोकरी बदलताना जुन्या मालकाची एनओसी, शिफारस आणि वर शिक्का गोळा करण्यात. मंत्र्याला ते लागत नसेल, हे चाचांना पटेना. मी हसून चहा टाकायला हवा होता. पण तेव्हा मी तरुण होते, जेमतेम अडुसष्टची, आणि अल क्वोजच्या एका गोदामात तीस वर्षं सेक्रेटरी असल्याचा तोरा होता. जुना नमुना काढला, फक्त नाव बदललं. 'अर्जदारास मी पाच वर्षे ओळखते. वेळेवर येतो, उलट बोलत नाही, कोणतेही व्यसन नाही. यास अमेरिकेच्या खजिन्यात ठेवण्यास आमची हरकत नाही.' नमुना ड्रायव्हरचा होता. 'जड वाहनही चालवतो' हे काढायचं राहिलं.

रोल्लाच्या टायपिंग सेंटरवाल्याने वाचलं, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कंपनी का स्टॅम्प?" चाचांनी खिशातून अत्तराच्या दुकानाचा शिक्का काढून ठोकला. "चाळीस दिरहम, म्हणजे साडेनऊशे रुपये," चाचा मोठ्याने म्हणाले, "पण कागद पक्का."

पत्र गेलं आणि पुढे तो माणूस खरंच मंत्री झाला. चाचांनी मजलाभर गोड सांदणं वाटली. "शिक्क्याचं वजन असतं, बाय." माझी नात म्हणाली, "ग्रॅनी, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स." मी तिला गप्प केलं. खोटं कशाला सांगू, थोडं श्रेय मीही मनात घेतलंच होतं.

उन्हाळ्यात मुदतवाढही झाली. चाचांनी स्पीकर लावून रुबिनाला फोन केला.

"कधी येतेस?"

"अब्बा, मुदतवाढ म्हणजे कर होता तेवढाच राहिला. वाढला नाही, पण नवीन काही उरलंही नाही."

आमच्या दोघांच्या मिळून एकशे चाळीस वर्षांच्या अकलेला हे सुचलं नव्हतं.

"वाढला नाही ना, बेटी? बस, खलास," चाचा म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे वळले, "पुढच्या कागदात तिकिटांचंही घालू."

डिसेंबरात सामान खाली गेलं. चाचांना व्हिडिओ कॉल जमत नसे, म्हणून फोन मी धरला. ते पुढे चालत एकेक खोली दाखवत होते. "ही तुझ्या मम्मीची खोली. इथे बसून ती पाढे म्हणायची. इथे तिचं कपाट होतं."

"नाना, इट्स जस्ट अ रूम," नातू म्हणाला.

"येस, येस," चाचा म्हणाले, "व्हेरी गुड रूम."

मग नातू मला म्हणाला, "आंटी, प्लीज होल्ड इट स्टिल."

मी दुसरा हातही लावला. तरी चित्र हलतच राहिलं.