झोपाळू कारकुनाचा भाग

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला धीर द्यायला नको. अवेळी दारावरची बेल वाजली तरी मी आधी कडी पुन्हा तपासते. आणि घाबरले की मी चिडते. त्यामुळे आयुष्यभर लोक मला तापट समजत आले आणि मीही तो समज दूर केला नाही. तापट म्हटलेलं बरं असतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी नाशिकला, सीबीएस बसस्थानकाच्या मागच्या अंगाला असलेल्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकला होते. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक घालायचा, कागद ज्याच्या त्याच्या टेबलावर पाठवायचा, एवढं काम. खोलीत आम्ही तिघं. आवकला मी, समोरच्या भिंतीशी जावकला अण्णा आणि अण्णांच्या पाठीमागे, लाल फडक्यात बांधलेल्या जुन्या गठ्ठ्यांच्या रॅकला टेकून, स्टुलावर शिपाईमामा.

अण्णा पंचावन्नचे असतील. अंगानं जड, मान आखूड, स्वभाव लोण्यासारखा. पंचवटीतून लुनावर यायचे, येताना खोलीसाठी मोगऱ्याची दोन फुलं आणायचे आणि ती माझ्या शिक्क्यांच्या डबीत ठेवायचे. काम सुबक करायचे. पण जेवणाची सुट्टी संपून अर्धा तास झाला की त्यांना झोप यायची. डुलकी नव्हे, झोप. बसल्या बसल्या, हनुवटी छातीला लावून, तासभर.

त्याची आम्ही व्यवस्था लावली होती. मामा हळूच उठून अण्णांच्या बोटात पेन अडकवायचे, नोंदवही त्यांच्या हाताखाली सरकवायचे आणि कोपर टेबलाला असं टेकवायचे की दारातून बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ लिहितायत. साहेब येताना दिसले की मामा रॅकवरचा एक गठ्ठा खाली टाकायचे. त्या आवाजानं अण्णा डोळे उघडून म्हणायचे, "क्रमांक घातलाय, साहेब." वर्षानुवर्षं हे चाललं होतं. साहेब बदलले, गठ्ठा तोच राहिला. आपण एका भल्या माणसाला सांभाळतोय याचा आम्हाला अभिमानच होता.

त्याच सुमाराला टीव्हीवर एक मालिका लागली. दर मंगळवारी संध्याकाळी साडेआठला. एका कार्यालयाची गंमत. तिच्यात एक झोपाळू कारकून होता. तो भागभर झोपायचा, आजूबाजूला गोंधळ व्हायचा आणि शेवटी तो जागा होऊन असं एक वाक्य टाकायचा की मागून हशा उसळायचा. आमच्या ऑफिसात कुणीतरी चोरून येऊन बघून गेलंय, अशी आमची खात्री झाली. अण्णा तर खूश होते. बुधवारी डबा उघडला की ते आदल्या दिवशीचा भाग करून दाखवायचे. दुसऱ्या खोल्यांतली माणसं डबे घेऊन आमच्याकडे यायची. त्यांचा झोपाळू कारकून टीव्हीतल्यापेक्षा चांगला व्हायचा.

आणि मग एका मंगळवारी तो भाग लागला.

आम्ही सिडकोतल्या घरात तिघंजणं बघत होतो. मी शेंगा सोलत होते, नवरा खुर्चीत, सासूबाई पलंगावर. सुरुवातीची गाण्याची धून वाजली नाही. मला वाटलं केबलवाल्यानं काहीतरी घोळ घातला. कारकून नेहमीसारखा टेबलाशी झोपलेला. माणसं आली, त्याच्यासमोर फायली ठेवून गेली. एकानं त्याच्या कानाशी शिट्टी वाजवली. मागून हशा आला नाही. शिपायानं चहा ठेवला, थोड्या वेळानं साय धरलेला तो चहा उचलून नेला. साहेबांनी दारातूनच त्याची थट्टा केली, सगळे हसले, पण तेच फक्त हसले, आम्हाला हसवणारा तो नेहमीचा आवाज कुठेच नव्हता. दहा मिनिटांनी माझे हात थांबले. नवरा म्हणाला, "हा उठत का नाहीये?"

तो उठलाच नाही. संध्याकाळ झाली. एकेक जण पिशवी उचलून निघाला. जाताना प्रत्येकानं त्याला काहीतरी गमतीचं सुनावलं. शिपायानं दिवे बंद केले आणि बाहेरून कुलूप लावलं. पंखा तेवढा चालू राहिला होता. त्याच्या हाताखालचा कागद फडफडत होता आणि हात हलत नव्हता. तिथं भाग संपला.

सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "दिवेलागणीनंतर असलं अभद्र दाखवतात होय?" असं म्हणून त्या उठल्या आणि देवासमोर निरांजन पुन्हा लावून आल्या. बाहेर जिन्यात दारं उघडल्याचे आवाज आले. शेजारच्या बाई विचारत होत्या, "तुमच्याकडे पण तसंच लागलं का हो?" जणू काही आमच्या टीव्हीवर तो कारकून उठला असता. खालच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, मी वर्तमानपत्राला पत्र लिहिणार, विनोदी म्हणून बसायचं आणि हे. एक जण म्हणाला, पुढच्या मंगळवारी कळेल, स्वप्न असणार. सगळे तावातावानं बोलत होते. मला एकच दिसत होतं. तो चहा उचलून नेणारा शिपाई. त्याच्या जागी मला आमचे मामा दिसत होते आणि मामांच्या शेजारी मी.

दुसऱ्या दिवशी डब्याला आमच्या खोलीत कुणी आलं नाही. अण्णा नेहमीसारखे जेवले, पण भाग करून दाखवला नाही. अडीच वाजता त्यांची हनुवटी छातीला टेकली. मामा पेन घेऊन उठले आणि मध्येच उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पेन टेबलावर ठेवून दिलं.

त्या दुपारी अण्णांना कुणी झोपू दिलं नाही. आस्थापनेच्या बाईंनी येऊन सुई मागितली. लेखा शाखेचा एक जण तारीख विचारून गेला, त्याच्या हातात घड्याळ होतं आणि त्यात तारीखही होती. मी दोनदा खुर्ची सरकवली, एकदा मुद्दाम शिक्क्याची डबी पाडली. दर वेळी अण्णा दचकून जागे व्हायचे आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकायचो. चार वाजता ते म्हणाले, "अरे, मेलो नाहीये मी." खोलीत कुणी हसलं नाही.

सुटायच्या वेळी मामा पाणी भरायला गेले तेव्हा अण्णा माझ्या टेबलाशी आले.

"ताई, काल आमच्या घरी हिनं तो भाग बघितला. रात्रभर जागी होती. माझ्या छातीकडे बघत बसली होती."

"साहजिक आहे," मी म्हटलं. "सगळेच घाबरलेत."

"तसं नाही. झोपेत माझा श्वास थांबतो. घोरता घोरता एकदम बंद. मग ही गदागदा हलवते. पाच-सहा वर्षं झाली. म्हणून तर दुपारी झोप येते. रात्री होतच नाही."

इतकी वर्षं आम्ही ज्याच्या बोटात पेन अडकवत होतो ती ही झोप होती. मी त्यांच्यावर ओरडले. डॉक्टरकडे का गेला नाहीत, इतके दिवस तोंडात काय गुळणी धरली होती, वाटेल ते बोलले. ते ऐकून घेत राहिले. म्हणाले, आजार कागदावर आला तर वैद्यकीय मंडळापुढे उभं करतील, अपात्र ठरवून घरी बसवतील, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, धाकटीचं लग्न व्हायचंय, तेवढं होऊ दे. मग जाईन.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"हाक मारत जा. दर दहा मिनिटांनी. मी हं म्हणेन. त्या बिचाऱ्याला कुणी हाकच मारली नाही हो, सगळे नुसते बोलून गेले."

मी कबूल झाले. नको व्हायला हवं होतं. हात धरून दवाखान्यात न्यायला हवं होतं, साहेबांना सांगायला हवं होतं. पण आमच्या ऑफिसात एकमेकांना सांभाळायचं म्हणजे झाकायचं, एवढंच आम्हाला माहीत होतं. मी घरून गजराचं छोटं घड्याळ आणलं, त्याचा गजर बंद करून समोर ठेवलं आणि काट्याकडे बघत काम करायला लागले.

"अण्णा."

"हं."

शिक्का, क्रमांक, शिक्का, क्रमांक. "अण्णा." "हं."

पुढच्या मंगळवारी मालिका लागली. गाण्याची धून वाजली, कारकून झोपलेला होता, शेवटी उठला, वाक्य टाकलं, हशा उसळला. मागच्या आठवड्याचा कुणी उल्लेखसुद्धा केला नाही. स्वप्न नाही, खुलासा नाही. सगळ्या जिन्याला हायसं वाटलं, मास्तरांचं पत्र राहून गेलं. मला मात्र त्या दिवशी जास्त भीती वाटली. माणूस मेला होता, सगळ्यांनी बघितलं होतं आणि आता सगळे हसत होते. बुधवारी पुन्हा डबे घेऊन माणसं आली. अण्णांनी भाग करून दाखवला. मामा पुन्हा पेन अडकवायला लागले.

मी हाक मारत राहिले. पावसाळा गेला, थंडी आली. हाक मारायची, "हं" ऐकायचं, मान वर करायचीही गरज नव्हती. आमच्या दोन टेबलांच्या मध्ये टपालाचा ढीग असायचाच. कानाला ते "हं" लागलं की मी दहा मिनिटांपुरती निर्धास्त व्हायचे.

एका दुपारी देवळा तालुक्यातले एक शेतकरी आपला अर्ज कुठे अडकलाय ते बघायला आले होते. मी नोंदवही चाळत होते. ते टोपी हातात घेऊन, दोन्ही टेबलांच्या मधे उभे होते. घड्याळात वेळ झाली.

"अण्णा."

"हं."

मी पान उलटलं. ते गृहस्थ जरा थांबून म्हणाले, "बाई, ते नाय बोलले."

"काय?"

"तुम्ही हाक मारली ना, ते नाय बोलले. मागचे मामा बोलले. आन् या साहेबांचे ओठ असे का काळेनिळे झाले?"

मी कशी उठले ते आठवत नाही. टपालाचा ढीग खाली सांडला होता एवढं आठवतं. अण्णांची हनुवटी छातीला होती, बोटात पेन होतं, वही हाताखाली होती. सगळं अगदी नीट होतं. मी त्यांचे खांदे धरून हलवले, त्यांच्या नावानं ओरडले. त्या शेतकऱ्यानं मला बाजूला सारलं, अण्णांना खुर्चीतून खाली कुशीवर घेतलं, हनुवटी धरून मान मागं केली. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकदम, पाण्यातून वर यावं तसा अण्णांनी श्वास ओढला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

रिक्षातून दवाखान्यात नेताना अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मामा समोर ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर लटकत बसले होते. ते सारखे मागे वळून तेच सांगत होते. "ताई, त्यांना झोप नाय भेटत रातची. तुमी हाक मारली का ते दचकायचे. मला बघवंना. म्हून मी हं म्हणायचो. झोपू दे म्हटलं माणसाला."

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून."

मला मामांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, कारण मग पेन अडकवताना बघत बसलेल्या माझ्याही मारावी लागली असती. मी नुसती रडले. जवळजवळ दोन महिने, दर दहा मिनिटांनी, मी त्या "हं"वर विसंबून शिक्के मारले होते.

डॉक्टरांनी सगळ्यांना झाडलं. श्वास थांबून थांबून हृदयावर ताण आला होता. औषधं सुरू झाली, वजन उतरवायला सांगितलं, झोपताना नाकाला लावायचं यंत्र मुंबईहून मागवावं लागलं. कागदावर आजार आलाच. मंडळापुढेही उभं राहावं लागलं, आणि ज्याला अण्णा इतकी वर्षं भीत होते त्यातलं काही झालं नाही. त्यांना हलकं काम द्यावं, एवढाच शेरा आला. आवक-जावकपेक्षा हलकं काम आमच्याकडे नव्हतं, म्हणून ते तिथंच राहिले.

दीड महिन्यानं ते परत आले. कपडे अंगावर ढिले झाले होते. मोगरा नव्हता त्या दिवसांत, म्हणून शेवंतीची दोन फुलं डबीत ठेवली. मामांनी त्यांची खुर्ची पुसली आणि आपलं स्टूल रॅकपासून उचलून दाराशी नेऊन ठेवलं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. दुपारी डबा झाला, अडीच वाजले. अण्णा जागे होते, लिहीत होते, वहीच्या पानावर पेन चालल्याचा आवाज मला येत होता. तरी माझी नजर घड्याळाकडे गेली आणि तोंडातून हाक निघालीच.

"अण्णा."

"हं."

मी उठले, टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हटलं, "पुन्हा म्हणा."