बेवारस पैशांचे वारस

आमच्या काउंटरवर लोक छत्र्या विसरतात, पिशव्या विसरतात आणि किस्सेही टाकून जातात. छत्री न्यायला माणूस परत येतो. किस्सा न्यायला कोणी येत नाही, तो माझ्याकडेच राहतो. घरी सांगायला जावं तर नवरा आधीच विचारतो, "आज कोण मेलं?"

त्याचंही खरं आहे. जुन्नरच्या एसटी स्टँडजवळ सोपानभाऊंचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. तिथे एम.कॉम. होऊन मी दाखले काढते, आणि माझी दोन वर्षांची ओवी टेबलाखाली बसून माऊसची वायर चावते. पूर्वी उत्पन्नाचे दाखले, सातबारा असं सरळ काम होतं. मग सरकारी पोर्टल आलं. बँकेत दहा वर्षं कोणी हात न लावलेले पैसे नाव टाकून शोधायचे, सापडले तर वारसांनी त्या बँकेत जाऊन मागायचे. व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला, "आजोबांचे पैसे मिळवा, अगदी सोपं!"

तो लिहिणाऱ्याला भाऊबंद नसावेत.

*

पहिल्याच आठवड्यात कळंबचे एक गृहस्थ म्हाताऱ्या आईला घेऊन आले. वडिलांचं नाव टाकलं, तर एका बँकेत सापडलं. गृहस्थ खूश! सोपानभाऊंना चहा सांगितला, ओवीला बिस्किटाचा पुडा.

दुसऱ्या दिवशी मायलेक बँकेतून थेट आमच्याकडेच आले. खातं जॉइंट निघालं होतं. दुसरं नाव एका बाईचं, आणि ती बाई घरात कोणाच्या ओळखीची नव्हती.

"ही कोण गं आई?"

म्हातारी पदर सावरून उठली.

"तिचं हाय ते. राहू दे तिला. चल, यष्टी जाईल."

*

येसूबाई आल्या त्या रविवारी, बाजारच्या दिवशी. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या वाडीवरून. भात, नाचणी आणि हिरड्याच्या दिवसात हिरडा गोळा करणं, एवढ्यावर त्यांचं घर. नवरा कोंडाजी हिरड्याचे पैसे जुन्नरच्या बँकेत टाकायचे. मुलगी सुनंदा बालवाडीत असताना ते एका रविवारी बाजाराला म्हणून निघाले आणि घरी परतलेच नाहीत. आता सुनंदा पुण्यात नर्सिंगला. शेवटच्या वर्षाची फी भरली नाही तर नाव काढू, असं कॉलेजनं सांगितलेलं.

मी नाव टाकलं, गाव टाकलं. आलं! मी आपली उत्साहानं ओरडले, "मावशी, सापडले!"

येसूबाईंनी दोन्ही हातांनी काउंटर धरलं.

"कुठं हायती?"

शिकलेल्या माणसाला तोंड कधी उघडू नये हे शिकवत नाहीत. सोपानभाऊंनी कॅल्क्युलेटर खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, पैसं सापडल्यात. माणूस न्हाई."

"आसं व्हय," म्हणाल्या. मग पिशवीतून ओवीला पेरू दिला.

*

पारगावकडचे तीन भाऊ. आईच्या नावावर ठेव निघाली, पण वारसांत बहीणही आली. तिची सही हवी. जमिनीच्या वेळी बहिणीनं हक्कसोडपत्र करून दिलं होतं, म्हणून भाऊ निर्धास्त होते. बहिणीला आमच्याच दुकानात बोलावलं, आणि येताना काठापदराची साडी आणली. थोरल्यानं प्रेमानं ती तिच्या मांडीवर ठेवली.

बहिणीनं साडीचा पोत बघितला. "छान हाय. हक्कसोडाच्या येळेला आणायचं न्हाई सुचलं?"

"ताई, जुनं कशाला काढती? सही कर, मोकळी हो."

"करते की! माझा चौथा वाटा खात्यात घाला, लगीच करते."

धाकटा म्हणाला, "आईनं तुला हेच शिकवलं का?"

"आईला शेवटचे सहा महिने मीच आंघोळ घालत व्हते. तवा बोलत व्हती ती लई काय काय. सांगू का हितं?"

थोरला उठून चपला शोधायला लागला.

पैसे अजून बँकेतच आहेत. साडी मात्र भावांनी परत नेली.

*

येसूबाईंची फाइल पुढे सरकेना. बँक म्हणाली, मृत्यूचा दाखला आणा.

"माणूस मेला न्हाई तर दाखला कुठनं आणू, पोरी?"

मी समजावलं. सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही त्याला कायदा मेलेला धरू शकतो. पोलिसांचा 'सापडत नाही' असा दाखला घ्यायचा, कोर्टात अर्ज करायचा, कोर्टाच्या हुकमावर मृत्यूचा दाखला मिळतो.

"म्हंजे मी जाऊन सांगायचं, त्यास्नी मेलेलं धरा म्हणून?"

"नुसतं कागदावर हो, मावशी."

त्यांनी माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघितलं. "तुझा मालक काय करतो?"

"पिकअप चालवतो. नारायणगावहून टोमॅटो घेऊन वाशीला जातो."

"मग तुला न्हाई कळायचं आसं कसं म्हणू? कळंल की."

*

त्या आठवड्यात मला झोप लागेना. घाट, धुकं, पिकअप! शेवटी जेवताना नवऱ्याला म्हटलं, "तुझी खाती कुठे कुठे आहेत, एकदा लिहून दे ना."

त्याचा घास हातातच राहिला. "का गं?"

"म्हणजे, उद्या काही झालंच तर…"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, जेवतोय तो अजून! हात तरी धुऊ दे त्याला!"

लिहून दिलं नाहीच. वर तेव्हापासून गाडीत बसताना तो मला विचारतो, "जाऊ ना? का काही विचारायचंय?" घरातल्या माणसाची काळजी करणं आणि त्याच्या मरणाची तयारी करणं यातला फरक मला अजून नीट दाखवता आलेला नाही.

*

येडगावच्या शुभांगीताई. वडिलांनी लग्नाआधी त्यांच्या नावानं पैसे ठेवले होते. तेव्हा त्या मंगल. लग्नात सासरी नाव बदललं. आता आधारवर शुभांगी, खात्यावर मंगल. बँक म्हणाली, दोन्ही बाया एकच हे सिद्ध करा. लग्नाची नोंद नाही, शाळेचा दाखला हरवलेला.

"मग तुम्हाला मंगल म्हणून ओळखणारं कोणी? प्रतिज्ञापत्र करून देईल असं?"

ताई बोटांवर मोजायला लागल्या. वडील, आई, दादा, शेजारची काकू. एकेक बोट मिटत गेलं.

"मंगल म्हणून हाक मारणारं आता कोण न्हाई गं," त्या म्हणाल्या. आणि मिटलेली मूठ तशीच घेऊन बाहेर पडल्या.

*

सुनंदानं आईला फोनवर एवढंच सांगितलं, "आई, फी न्हाई जमली तर मी येते घरी. हिरडं गोळा करायला." दुसऱ्या दिवशी येसूबाई वकिलाकडे गेल्या.

वकिलानं पढवून ठेवलं होतं, "काही विचारलं तरी 'व्हय' म्हणायचं. आणि ते कुंकू जरा… बघा."

येसूबाई नेहमीपेक्षा ठसठशीत कुंकू लावून कोर्टात उभ्या! सोबत मी, माझ्या कडेवर ओवी. न्यायाधीशसाहेबांनी विचारलं,

"तुमचे पती मयत झाले आहेत असं तुम्हाला वाटतं का?"

"न्हाई."

वकिलानं कपाळाला हात लावला. पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर तो तडकला, "अहो बाई, पोरीचं वर्ष जाईल!" येसूबाई एसटीत सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होत्या.

पुढच्या तारखेला तोच प्रश्न.

त्यांनी खाली बघितलं. "कायद्याला वाटत आसंल, तर व्हय."

साहेबांनी लिहून घेतलं.

*

हुकूम झाला, दाखला आला. लगेच वाडीवरचे चार जाणते सांगायला गेले की आता दहावा घालायला पाहिजे. आपल्याकडे दहाव्याला मांडव लागतो, प्रवचन होतं, पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात. एकानं तर फ्लेक्ससाठी फोटोही मागितला.

येसूबाई भात पाखडत होत्या. सुपावरून नजरही वर केली नाही.

"कोर्टानं मारलंय त्यास्नी. कोर्टालाच दहावा घालू द्या."

*

पैसे मिळाले. सुनंदाची फी आधी भरली. पावती येसूबाईंनी चार घड्या करून चोळीत ठेवली. उरलेले पैसे स्वतःच्या नावानं ठेवायचे होते, म्हणून एका रविवारी त्या आल्या. मी फॉर्म भरायला घेतला. नाव झालं, गाव झालं, अंगठा झाला.

"मावशी, वारस म्हणून कोणाचं नाव घालू? तुमच्यामागं पैसे कोणाला जावेत?"

"कोंडाजीचं घाल."

मला वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही. "मावशी, आपण तर त्यांचा दाखला…"

"त्यो बँकेला पायजे व्हता, दिला आणून. आता तू मला इचारलंस ना? मग मी सांगतीय."

"सुनंदाचं घालूया की!"

"सुनंदाला तिचं दिलं. हे त्यांच्या हिरड्याचं हाय."

मी सोपानभाऊंकडे बघितलं. ते प्रिंटरमध्ये कागद भरत होते, भरलेलेच पुन्हा काढून भरत होते. मी टाईप करायला लागले.

"नातं?"

"नवरा."

"पत्ता?"

येसूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझं सगळं शिक्षण वाया गेलं असावं.

"घरचाच लिही की. दुसरीकडं कुठं येणारेत ते?"