शनिवारची पाळी

"शिरा राहू द्या. तुमी अंगण झाडून घ्या, ती पण सेवाच की."

बालवर्गाच्या ताई हसऱ्या तोंडानं बोलल्या. सगळ्या आयांसमोर. माझ्या चार वर्षांच्या पोरीसमोर.

आमच्या गोरेगाव खेड्यातल्या त्या बालवर्गात लेकरांना श्लोक, आरत्या शिकवतात. आईबापांनीही संस्कारात भाग घ्यावा म्हणून दर शनिवारी सगळ्या आया येऊन बसतात, त्यातल्या एकीची पाळी. तिनं लेकरांकडून श्लोक म्हणून घ्यायचा, घरचा प्रसाद वाटायचा. त्या शनिवारी माझी पाळी होती. मला श्लोक येत नव्हता. आठ दिवस पोरीकडूनच शिकले. भाकरी थापता थापता मी म्हणायची. चुकलं की ती हसायची, पुन्हा सांगायची.

आमी मातंग. देव तेच, उपास तेच. पण माझ्या हातचं त्यांच्या लेकरांच्या तोंडात जाणार होतं.

मी डबा खिडकीत ठेवला अन् खराटा घेतला. आत दुसरीच कुणी श्लोक म्हणून घेत होती. मला तो पूर्ण पाठ होता. झाडताना माझे ओठ हलून राहिले होते. एकही बाई बाहेर आली न्हाई. घरी येऊन शिरा आमी मायलेकींनीच खाल्ला.

चार दिवसांनी पोरगी गल्लीतल्या लेकरांसंगं शाळा शाळा खेळत होती. सगळ्यांना ओळीत बसवलं. एकीला श्लोक म्हणायला लावला. स्वतः खराटा धरून बाजूला उभी राहिली.

"तू काहून बसंना?"

"आपण झाडायचं असतं ना, आई."

हे तिला मीच शिकवलं होतं. गप राहून.

दुसऱ्या दिवशी ताईंकडे गेले. "मी झाडणार न्हाई. पाळी आली की श्लोक म्हणून घेईन, प्रसाद वाटीन."

ताईंनी मान वर केली न्हाई. "बाकीचे पालक ऐकत न्हाईत हो. जमत नसंल तर पोरीला दुसरीकडं घाला."

नवरा जीप चालवतो. म्हणाला, "गप बस. गाडीत त्यांचीच माणसं बसतात." त्याचंही खोटं न्हाई. भांडायला माझ्यामागं कुणीच न्हाई.

आता पाळीच्या यादीतून माझं नाव काढलंय. पण पोरीला मी काढणार न्हाई. येत्या शनिवारी आयांच्या ओळीत जाऊन बसणार. उठवायचं असंल तर काहून उठवता ते सगळ्यांसमोर तोंडानं सांगावं. सांगितलं तरी मी उठणार न्हाई.