डावीकडे सुनंदा, उजवीकडे मी

सुनंदा भोईर मेल लिहायला बसली की आधी स्क्रीनला म्हणायची, "बसा शेठ." मग समोर खरोखरच कुणी बसलंय अशी मान हलवत, पुटपुटत टाइप करायची. "माल का थांबला ते सांगते. रागवू नका, आधी ऐका." भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या आमच्या कापडाच्या पेढीत मी मॅनेजर होतो. भिंतीपलीकडे लूम धडधडत असत, तरी तिचं बोलणं मला ऐकू येई. आमची टेबलं चिकटूनच होती.

ती जवळच्या दिघाशी गावची, कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली. दोन हजार सालानंतरचा तो काळ. पेढीनं स्वतःचा मेल सर्व्हर घेतला आणि तो तिच्याच हाती आला. त्यात एक फाइल होती. प्रत्येकाचं मशीनमधलं खातं आणि त्याच्या मेलवर बाहेरच्यांना दिसणारा पत्ता, यांची तिथं जोडी लावायची. मला समजावताना ती म्हणाली, "काका, डावीकडं मशीन वळखतं ते नाव, उजवीकडं जग वळखतं ते. मधी नुसती मोकळी जागा हाय."

मालकांचं म्हणणं, पेढीचा आवाज एकच हवा. म्हणून उजवीकडे सगळ्यांपुढे माझाच पत्ता लागला. सुनंदानं लिहिलेला मेलही बाहेर वैद्य म्हणून, म्हणजे माझ्या नावानं, जाई. मला त्यात वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

एकदा कारागीर सणाला गावी गेले आणि इंदूरच्या एका शेठचा माल अडकला. मी म्हटलं, लोडशेडिंगचं कारण दे.

"न्हाय काका. खोटं कारण दिलं का पुढच्या टायमाला तेच आठवत बसावं लागतं."

तिनं सरळ लिहिलं: विणणारे हात पोरांना भेटायला गेलेत, परतले की तुमचाच माल आधी लावू. शेठनी ऑर्डर काही रद्द केली नाही. पुढे ते स्वतः भिवंडीला आले, माझा हात धरून म्हणाले, "वैद्यसाब, चिठ्ठी तो सब लिखते हैं. आपकी चिठ्ठी पास आके बैठती है."

मी हात जोडले. "आपकी मेहरबानी." शेजारी सुनंदा होती. तिनं शेठपुढे चहा सरकवला आणि पुन्हा कामाला लागली.

त्या दिवसापासून "बसा" ऐकू येईना. मेल वेळेवर जात, पण 'आपणांस कळविण्यात येते की' अशा थाटाचे. शेवटी मी विचारलं, "बोलणं बंद का गं?"

"तुमच्या नावानं जातं ना? मग तुमच्यासारखंच लिवते."

मी मालकांकडे गेलो, आणि उजवीकडे तिच्यापुढे तिचं नाव लागलं. टेबलावर पुन्हा "बसा शेठ" सुरू झालं. पहिलाच मेल इंदूरला गेला आणि उत्तर आलं: "ये सुनंदाजी कौन हैं? वैद्यसाब का ढंग उठा लिया आपने."

सुनंदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "काका, मीच माझी चोर. काय कळवू त्यांना?"

"जाऊ दे," मी म्हणालो. "गिऱ्हाईक आहे."

तिनं जाऊ दिलं. शेठ तिला 'वैद्यसाब की चेली' म्हणू लागले, तेही तिनं हसून घेतलं. मीही घेतलं, आणि ते मला शोभलं नाही. तिला मात्र लिहायचं सुख पुरत असावं. दुपारचा डबा खाताना ती शेठच्या घरच्या बातम्या सांगायची, जशी काही नात्यातली.

मी निवृत्त झालो त्या दिवशी तिनं फाइल उघडली. "काका, तुमची लाइन काढू?"

"थांब. एक मेल बाकी आहे."

मी स्वतः टाइप केलं: 'आपणांस आवडलेली पूर्वीची सर्व पत्रे सुनंदा भोईर यांनी लिहिली होती. ढंग त्यांचा. माझे फक्त नाव होते.' तो एकट्या इंदूरच्या शेठसाठी होता. बाकीच्या गावांचे व्यापारी अजून 'माझ्या' पत्रांची आठवण काढतात. त्यांना सांगायचं राहिलं, ते आज इथं सांगतो आहे.

सुनंदानं मागून वाचलं. "जाम कोरडं झालंय. मी जरा नीट करू?"

"नको. हे माझंच आहे, हे कळू दे त्यांना."

ती खुर्ची ओढून शेजारी बसली आणि स्क्रीनला म्हणाली, "बसा शेठ. आज आमचे काका बोलतायत."