भिंतीआडचे पाणी

ओमानमधल्या रुस्ताकच्या अलीकडे, जिथे बातिनाचे मैदान संपून डोंगर सुरू होतो, तिथल्या एका लहान रुग्णालयाच्या नोंदणी विभागात मी काम करत असे. नव्वदचे दशक सरत आले होते. आमची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. खिडकीतून खजुरांची बाग दिसे आणि तिच्यापलीकडे तांबूस-करडा, झाड नावालाही नसलेला डोंगर. आत छतापर्यंत मांडण्या होत्या आणि मांडण्यांवर भोवतालच्या गावांची दुखणी, तपकिरी पुठ्ठ्यांत बांधलेली. जुन्या कागदाला एक गोडसर, कोंदट वास असतो. सकाळी त्यात लोबानाचा धूर मिसळे, मग वेलदोडा घातलेल्या कॉफीचा दरवळ. मी कविता शिकून या कामाला आलेली. मला तो वास ध्रुवपदासारखा वाटे, रोज तोच आणि रोज पुन्हा हवासा.

लोबान पेटवणारी आमच्या विभागाची प्रमुख होती. पन्नाशी ओलांडलेली ओमानी विधवा. तिला सगळे ‘खालती’ म्हणत, म्हणजे मावशी. तिचे बालपण मस्कतशेजारच्या मत्रहमध्ये कच्छी व्यापाऱ्यांच्या शेजारात गेले होते, त्यामुळे तिची हिंदी माझ्या हिंदीपेक्षा धीट होती. मला ती ‘बिन्ती’ म्हणे, म्हणजे माझी लेक. वसईला माझ्या सासूबाई ‘बाय’ म्हणून हाक मारत, त्या हाकेतली माया हिच्यातही होती. माझे यजमान अझैबाला, विमानतळाजवळच्या एका हॉटेलात नोकरीला. ते बुधवारी संध्याकाळी येत, शुक्रवारी, तिथल्या सुटीच्या दिवशी, आम्ही मस्कतच्या चर्चमध्ये मिस्सेला जात असू, आणि उरलेला आठवडाभर माझे घर म्हणजे ती खोली आणि खालती.

त्या वर्षी रुग्णालयाच्या नोंदी संगणकावर आणण्यासाठी युरोपातून तज्ज्ञ आले. त्यांची प्रमुख एक उंच, करड्या केसांची बाई होती. उन्हाने तिचे नाक सोलले होते आणि ती चहाऐवजी नुसते गरम पाणी पीत असे. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशात तिने आयुष्याचा मोठा भाग एकाच ध्यासात घातला होता. माणूस एका गावी आजारी पडला आणि दुसऱ्या गावी दवाखान्यात गेला, तर त्याच्या आजाराची हकिगत त्याच्या आधी तिथे पोहोचली पाहिजे. शिवाय, ती सांगे, नावे काढून टाकून हजारो माणसांच्या नोंदी एकत्र वाचता आल्या, तर एकेकट्या डॉक्टरला न दिसणारे पुष्कळ काही दिसू लागते. आमच्या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या रक्ताचा एक आजार चालत आला होता. तो कोणत्या गावात किती खोल गेला आहे हे तिला पाहायचे होते.

खालतीने पहिल्या दिवशी तिला आपादमस्तक न्याहाळले आणि मला विचारले, “ही दुक्तूरा माणसं तपासत नाही म्हणतात. मग तपासते काय?”

“माहिती तपासते, खालती.”

“माहितीला ताप येतो?”

मी हे इंग्रजीत सांगितले तेव्हा बाई मनापासून हसल्या. “येतो ना,” त्या म्हणाल्या, “आणि वाईट म्हणजे कोणाच्या लक्षातच येत नाही.” त्या उत्तराने खालती खूश झाली. दुसऱ्या दिवशीपासून गरम पाण्याचा पेला तीच भरून ठेवू लागली.

आम्ही फायलींतला मजकूर संगणकात उतरवू लागलो. सगळ्यांना पासवर्ड मिळाले. ही अजून चाचणी होती आणि ज्याच्याकडे पासवर्ड त्याला सगळे दिसे, कोणाचीही नोंद, कोणत्याही टेबलावरून. लोकांना नव्या खेळण्याचे अप्रूप वाटले. औषधालयात संगमेश्वरकडचा एक तरुण होता, स्वभावाने निर्मळ, तोंडाने मोकळा. एका दुपारी रुग्णवाहिकेचा मालवणी चालक आमच्या टेबलाशी हलवा खात बसला होता, आणि हा तरुण पलीकडच्या पडद्यावर वाचून मोठ्याने म्हणाला, “अहो काका, तुमची साखर बघतोय मी. हलवेवाल्याने तुमच्याकडून पाक न्यायला हरकत नाही. आता खलास, हलवा बंद.”

“माका शिकव नको,” चालक म्हणाला. “तुझा पण काय असात ता बघतंय, इन्शाल्ला.”

सगळे हसले, तोही हसला. हसता हसताच त्याने हातातला तुकडा ताटलीत परत ठेवला, बोटांचे तूप रुमालाला पुसले आणि तो उठून गाडीकडे गेला. मी मात्र हसू शकले नाही, कारण मला दिवस गेले होते.

याआधी एकदा, दोन वर्षांपूर्वी, चौथ्या महिन्यात माझे मूल गेले होते. तेव्हा माझी तपकिरी फाइल या विभागातून त्या विभागात हातोहात फिरली होती आणि मी कामावर परतले त्या सकाळी दारावरच्या पहारेकऱ्यापासून स्वयंपाकघरातल्या बायकांपर्यंत प्रत्येकाला सर्व ठाऊक होते. कोणी वाईट वागले नाही. कोणी ‘अल्ला करीम’ म्हणत हात हाती घेतला, कोणी काढ्याची मुळी आणून दिली, कोणी आपल्या वहिनीचे उदाहरण सांगितले. दया मऊ असते हे खरे, पण रोज प्रत्येक वळणावर तीच पुढे आली, की जखमेवर खपली धरायलाही उसंत मिळत नाही. या वेळी पुन्हा तसेच झाले तर मूल गेल्याचे दुःख मी सोसेन, ते सांत्वन मात्र सोसवणार नाही, असे मला वाटे.

आमच्याकडे पहिले महिने कोणाला सांगायचे नाही अशी रीतच आहे. मी फक्त यजमानांना सांगितले होते. पण प्रसूती विभागात पाऊल ठेवले की नोंद होणार, आणि नोंद झाली की ती औषधालयातही वाचता येणार. म्हणून मी आज जाऊ, उद्या जाऊ करीत राहिले. मागच्या वेळी डॉक्टरांनी बजावले होते की पुन्हा दिवस राहिले तर लगेच ये, वाट पाहू नकोस. ते शब्द कानात असूनही मी जात नव्हते. रात्री कुशीवर वळताना मनात येई, की लाजेपायी मी या जिवाला त्याच्या एकट्याच्या हिमतीवर सोडून दिले आहे.

शरीर आपल्या परीने बोलत होतेच. ज्या धुराने माझी सकाळ उमले तोच लोबान आता घशात लोकरीसारखा अडके. मी खिडकी उघडण्याचे निमित्त करून श्वास घेई. पुढे काही दिवसांनी धुपाटणे थंडच राहू लागले. नव्या यंत्रांना धूर चालत नसेल, असे मी गृहीत धरले.

हलव्याचा प्रसंग तज्ज्ञ बाईंच्या नजरेतून सुटला नव्हता. त्यांनी बैठक मागितली. रुग्णालयाचे प्रमुख, ज्यांना सगळे ‘मुदीर’ म्हणत, टेबलाच्या टोकाला बसले. चालक, परिचारिका, औषधालयातला तरुण, आम्ही दोघी, सगळे होतो. बाई म्हणाल्या की ज्याला उपचार करायचे त्याला रुग्णाचे सर्व काही दिसले पाहिजे आणि ज्याला करायचे नाहीत त्याला काहीही दिसता कामा नये. त्यांच्या देशात यावरून पुष्कळ वाद झाले होते. माणसाला आपली नोंद कोणी उघडली हे विचारण्याचा हक्क असावा, असे तिथे त्या मांडत असत.

मुदीर सौम्य गृहस्थ होते. “दुक्तूरा, तुमची शहरं मोठी,” ते म्हणाले. “इथे आपण एक घर आहोत. इथे आजारी माणसाला पाहायला अर्धं गाव येतं, कोणी आलं नाही तर तो रुसतो. नोंदींवरच्या या कुलपासाठी तुमचे आणखी काही आठवडे जाणार. आमच्यापैकी कोणाला ते खरंच हवं असेल, तर त्याने सांगावं. हात वर करावा. मी लगेच हो म्हणतो.”

त्या साध्या, न्याय्य वाक्यात माझ्यासाठी सापळा होता. हात वर केला तर कुलूप मिळणार होते, पण ते ज्यासाठी हवे ती गोष्ट त्याच क्षणी उघडी पडणार होती. लग्न होऊन मूल नसलेली अशी तिथे मी एकच, आणि माझी मागची हकिगत सर्वांना पाठ. हात खाली ठेवला, तर आणखी किती आठवडे मी डॉक्टरांच्या दारावरून मागे फिरणार होते? मनाशी निश्चय करून मी टेबलाखालचा हात उचलू लागले. तेवढ्यात मेंदीने तांबूस झालेला एक रुंद, उबदार हात माझ्या मनगटावर येऊन विसावला, आणि तिथेच राहिला.

“मुदीर,” खालती म्हणाली, “तुमच्या आजोबांच्या बागेला फलजाचं पाणी येतं ना?” फलज म्हणजे डोंगरातून उतरून गावभर फिरणारा पाण्याचा पाट.

“येतं, खालती.”

“पाट गावात शिरतो तिथे कोणीही प्यावं, वाटसरूनेही. पुढे मशीद. तिच्यापुढे बायकांची आंघोळीची जागा, तिला भिंत. मग बागा. पाणी तेच ना? मध्ये भिंत आहे म्हणून तुमच्या खजुराला कधी कमी पडलं?”

मी बाईंसाठी इंग्रजीत भाषांतर करत होते. तज्ज्ञ बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि त्या खालतीकडे पाहत राहिल्या.

मुदीर हसले. “बरोबर आहे. पण ही भिंत मागतंय कोण?”

“मी,” खालती म्हणाली. “माझं एक दुखणं आहे. कसलं ते विचारू नका. मला ते कोणाला दाखवायचं नाही.”

हसू मावळले. औषधालयातल्या तरुणाने मान खाली घातली. “अल्ला तुम्हाला बरं करो,” मुदीर हलकेच म्हणाले आणि बाईंकडे वळून त्यांनी होकार दिला. खालतीने माझ्या मनगटावरचा हात काढला, शेला सारखा केला. मला तेव्हा एकदम कळले की धुपाटणे यंत्रांमुळे विझलेले नव्हते.

बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. पुढे कित्येक दिवस आमच्या खोलीत माणसांची रीघ लागली. कोणी डाळिंबे आणली, कोणी डोंगरातला काळसर मध. इब्रा गावाहून तिची बहीण आली, दारातच रडू लागली आणि मग तासभर तिच्यावर रागावली. खालती खुर्चीत रेलून, क्षीण स्वरात, सगळ्यांचे ऐकून घेई. तिला हा त्रास होत होता का, हे मला कधी नीट कळले नाही. सुनेने घरी खोदून खोदून विचारले होते, एवढे मात्र तिच्या तोंडून निसटले.

औषधालयातला तरुण पश्चात्तापाने रोज येई. “खालती, तुम्ही उठू नका. वरच्या फायली मी काढतो.”

“काढ, बाबा. आणि बिन्तीच्याही काढ. माझी सेवा करून ती फार थकते.”

मी काहीतरी बोलणार, तोच तिने डाळिंब माझ्यापुढे सरकवले. “सोल. मला दाणे नकोत, आंबट लागतात. तू खा.”

कुलूप तयार झाले त्या दिवशी तज्ज्ञ बाईंनी मला बोलावले. “औषधालयाच्या टेबलावरून एखादी नोंद उघडून बघ,” त्या म्हणाल्या. “कोणाचीही. स्वतःची घे हवं तर.” मी माझे नाव लिहिले. पडद्यावर एक ओळ आली, की ही नोंद पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही. कविता शिकताना मी अनेक ओळींवर रेंगाळले होते. इतक्या कोरड्या ओळीने डोळे भरून येतील असे कधी वाटले नव्हते. बाईंनी ते पाहिले असावे. त्या खिडकीशी जाऊन डोंगराकडे पाहत उभ्या राहिल्या आणि मी खुर्ची सरकवल्याचा आवाज होईपर्यंत वळल्या नाहीत.

त्याच दुपारी मी प्रसूती विभागाचे दार ढकलले. डॉक्टर रागावल्या. मग त्यांनी पोटावर थंडगार मलम लावून यंत्र टेकवले. ओल्या वाळूवरून कोणी लगबगीने चालत यावे तसा आवाज खोलीत भरला.

मुलगी हिवाळ्यात झाली. वेळेवर, आणि रडत. आता ती मस्कतच्या शाळेत मैत्रिणींशी इंग्रजी बोलते, माझ्याशी अडखळत मराठी. तज्ज्ञ बाई तिच्या जन्माआधीच मायदेशी गेल्या होत्या. पुढे अझैबाच्या एका कार्यालयात मी याच कामात आले. तिथे युरोपातले तरुण तज्ज्ञ येत. संमती, गोपनीयता, माहितीचा पुनर्वापर हे शब्द त्यांच्या तोंडी सहज असत. मी शिकत असे. ते शब्द मला परके वाटत नसत.

खालतीला मी सांगितले ते मात्र मुलीच्या जन्माच्या बरेच आधी, पाचवा महिना पार पडल्यावर. तोवर सैल कुडत्यातूनही सगळे दिसू लागले होते आणि आदल्या आठवड्यात खालतीने गावाला जाहीर केले होते की आपण ठणठणीत बरे झालो. दुपारची वेळ होती, खोलीत आम्ही दोघीच. मी तिच्या शेजारी बसले. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून म्हणाले, “खालती, तुम्हाला तर सगळं ठाऊकच आहे.”

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि नवलाने भुवया उंचावल्या.

“मला काहीही ठाऊक नाही, बिन्ती,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांग.”