राहून गेलेला नवस

रविवारी फिरायला निघालेल्या लोकांच्या डिक्कीत चटई असते, थर्मास असतो, फार तर बॅडमिंटनच्या रॅकेटी. आमच्या डिक्कीत गोवऱ्या असत. पोतंभर. त्यांच्यावर कणकेचा डबा, वांगी, पातेली, पळसाच्या पानांचा गठ्ठा आणि वर झाकायला जुनी सतरंजी. सोमवारी शाळेत जायला गाडीत बसले की माझ्या इस्त्रीच्या साडीलासुद्धा गोठ्याचा वास यायचा. शेजारीण फाटकातून विचारायची, "फिरायले चालल्या का मॅडम?" मी हो म्हणायची. फिरायला जाणं म्हणजे दुसरीकडे जाऊन स्वयंपाक करणं, हे तिला कुठं समजावत बसू?

आम्ही लाखनीला राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवऱ्याची धानाची शेती आणि हायवेच्या कडेला खत-बियाण्यांचं दुकान. घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. पंचाहत्तरी केव्हाच ओलांडलेल्या, अंगाने काटकुळ्या, आवाजाने खणखणीत. चार वर्षांपूर्वी दुकान बंद करून येताना नवऱ्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तीन दिवस शुद्ध नव्हती. मी कागदांवर सह्या करत, औषधं आणत धावत होते आणि सासूबाई बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसून होत्या. मला वाटलं, थकून झोपल्या. पण त्या नवस बोलत होत्या. आठवेल त्या देवाला. गायमुखचा महादेव, चांदपूरचा मारुती, कोरंभीचा महादेव, आणखी कोणकोण. प्रत्येकाला एकच कबुली: बाबू घरी आला की सून तुझ्या दारात पानगे करील.

सून. म्हणजे मी. नवस त्यांचा, मुलगा त्यांचा, देवही त्यांचेच. पानगे तेवढे माझे.

ज्यांनी पानगे केले नाहीत त्यांना ते खायला फार आवडतात. तेल-ओवा घालून कणीक घट्ट मळायची, जाड थापायची, वरून-खालून पळसाचं पान लावायचं आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजायचं. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या घरच्या रीतीप्रमाणे जिने कणीक मळली तिनेच भाजायचं, नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि आर, म्हणजे ते निखारे, सोडून कुठं जायचं नाही. गोवऱ्या पेटायला तास, जाळ खाली बसायला तास, भाजायला तास. मग वांग्याची भाजी, वरण. जेवणं होईपर्यंत चार वाजतात, भांडी घासेपर्यंत साडेपाच. मग नवरा म्हणतो, "चला, अंधार होईल."

गायमुखला पहिल्यांदा गेलो तो श्रावणातला रविवार होता. डोंगर हिरवागार होता. वरून पाणी कोसळत होतं, त्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू येत होता. माणसं ओलीचिंब होऊन खाली येत, हसत, केस पिळत. मी धुरात बसून फुंकर घालत होते. नवरा त्या धबधब्याचे फोटो काढून आणायचा आणि मला दाखवायचा, "पाहा, काय मस्त!" मोबाईलच्या काचेला माझी पिठाची बोटं लागत म्हणून तो लांबूनच धरायचा. दुसऱ्या दिवशी शाळेत सोबतच्या बाईंनी विचारलं, कसा आहे हो धबधबा? म्हटलं, आवाज चांगला आहे.

तरी पहिल्या वर्षी मी कुरकुरले नाही. माणूस परत मिळाला होता. पायात सळई घालून का होईना, चालत होता. त्याच्यासाठी तीन-चार रविवार धूर खाल्ला तर काय बिघडलं? एकेक देव करत सगळे नवस फिटले आणि मी उरलेल्या गोवऱ्या मोलकरणीला देऊन टाकल्या.

पुढच्या पावसाळ्यात सासूबाई सकाळी चहा पिताना म्हणाल्या, "बाबू, गायमुखचा राहिलाच ना रे."

"झाला ना माय. मागच्या साली केला."

"तो वेगळा. तो तुह्या पायाचा होता. डोक्याचा राहिला."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्या चष्मा कुठं ठेवला ते विसरायच्या, सकाळची गोळी दोनदा मागायच्या. डॉक्टर म्हणाले होते, वयाने होतं, वाद घालू नका. आणि शिवाय नवरा. तसा हा माणूस कुणाला भीक घालणारा नाही. दुकानात कंपनीच्या एजंटाला अर्ध्या वाक्यात उठवतो. पण नवस म्हटलं की त्याचा हात आपोआप पायातल्या सळईवर जायचा. "असंलही बाई राहिला," तो म्हणाला. "देवाशी कायले हुज्जत घाला?" आणि गाडीची चाबी शोधायला लागला.

त्या वर्षी गायमुख, चांदपूर दोन्ही पुन्हा झाले. तिसऱ्या वर्षी पुन्हा. एकदा पायाचा, एकदा डोक्याचा, एकदा म्हणे ट्रकवाल्याला शाप दिला होता त्याची माफी. जगात माणसं नवस बुडवतात. आमचा एकच नवस तीन-तीनदा फिटत होता. आठवडाभर शाळा, शाळेबाहेरची सरकारी कामं, घर, आणि रविवारी उजाडत नाही तो कणीक. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. माझी पाठ दुखायची, डोळे सोमवारी दुपारपर्यंत चुरचुरायचे. खरं सांगायचं तर मला त्या म्हातारीचा राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटायची, आणि या दोन्हींचाही मला कंटाळा आला होता. मला रविवार परत हवा होता, बस. मागच्या वर्षी चौथ्यांदा चांदपूर निघालं तेव्हा मी मनाशी ठरवलं की हे शेवटचं. तिथं देवासमोरच सांगून टाकायचं, आई, तुम्ही विसरता, नवस फिटलेले आहेत, आता मी येणार नाही.

सिहोऱ्याच्या पुढे पोचेपर्यंत बारीक पाऊस लागला होता. टेकडीवर मारुती, पायथ्याशी तलाव. तलाव कसला, समुद्रच म्हणायचा, पलीकडचा काठ पावसात दिसतही नव्हता. एका टपरीच्या छपराखाली मी चूल मांडली. गोवऱ्या दमट. धूर सगळा माझ्या तोंडावर. झाडावरची माकडं वांग्यांवर डोळा ठेवून. नवरा पूजेचं ताट घेऊन पायऱ्या चढून गेला, त्याच्या पायाला त्या चढायला वेळ लागतो. सासूबाई म्हणाल्या, "मी जरा दर्शनाले जातो," आणि काठी टेकत गेल्या.

पानगे आरावर टाकले आणि माझ्या लक्षात आलं, म्हातारी पायऱ्यांकडे गेलीच नाही. दुसऱ्याच बाजूला गेली. विसरली बिचारी रस्ता, पाय घसरला तर काय करू? मी तशीच उठले. तीन वर्षांत पहिल्यांदा आर सोडला.

सासूबाई तलावाच्या काठावर दगडावर बसल्या होत्या. काठी बाजूला, चपला नीट जोडून ठेवलेल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत वर आणि दोन्ही पाय पाण्यात. पाय हलवून पाणी उडवत होत्या. पाऊस अंगावर पडत होता आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. अगदी मुलगा दवाखान्यातून घरी आला तेव्हासुद्धा नव्हता.

माझ्या जिवात जीव आला आणि लगेच रागही आला. पाठ करून ठेवलेलं सगळं एका दमात बोलले. "आई, हा नवस तीनदा फिटला. मी स्वतः केला. तुम्ही विसरता. मी इथं चौथ्यांदा धूर खाऊन राहिली."

त्यांनी मान वळवली नाही.

"मालूम आहे मले," त्या म्हणाल्या.

"काय मालूम आहे?"

"तीनदा झाला थो. गायमुखचाही झाला. चष्मा विसरतो मी, देव नाही विसरत."

मी दगडापाशी गेले. पदर भिजत होता.

"मग काहून म्हणता राहिला म्हणून?"

"मंग काय म्हणू? पाणी पाहाले न्या म्हणू?" आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुह्या सासऱ्याले म्हटलं, मले गोशाचं धरण दाखवा. तई बांधून राहिले होते धरण. तो म्हणे, पाणी तं आपल्या धानाच्या बांधीतबी आहे, रोवणी कर अन् पाहा किती पाहाचं थे. मंग बाबूले म्हटलं. तो म्हणे, नेतो ना माय, जरा काम होऊ दे. वीस साल झाले, त्याचं काम होऊनच राहिलं. देवाचं नाव घेतलं का कसा चाबी शोधते, पाहतं ना तू?"

मी पाहत होते. तीन वर्षं पाहत होते. त्यांच्या जन्मात त्या माहेर, सासर, दवाखाना आणि लग्नं सोडून कुठं गेल्या होत्या, मला एकही जागा आठवेना. चिखलात उभं राहून पन्नास पावसाळे रोवणी केलेली बाई, तिला पाण्याचं काय अप्रूप, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मीसुद्धा.

"पण आई, पानगे मलाच करावे लागतात," मी म्हटलं. माझा आवाज रडका झाला होता.

"तेवढंच चुकलं माह्यं," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात घाबरून बोलून गेली ना बाई. तवा काय माहीत होतं, मले याची चटक लागंल म्हणून?" मग दगडावर जरा सरकल्या. "बस ना दोन मिन्टं. आता उठलीच आहे तं."

मी बसले. चपला काढल्या. पाणी पहिल्यांदा थंड लागलं, मग नाही लागलं. सांगण्यासारखं त्या पाण्यात काहीच नव्हतं, नुसतं पाणी होतं. ते दोन मिनिटांचं किती झालं कुणास ठाऊक. वरून नवऱ्याची हाक आली आणि मला पानगे आठवले.

सगळे करपले होते. पानांसकट कोळसा. नवरा चिमटा हातात घेऊन त्यांच्याकडे पाहत उभा होता, चेहरा उतरलेला. "आता गं?" तो म्हणाला. मी तोंड उघडणार तोच सासूबाई मागून लुगडं पिळत आल्या, पानग्यांकडे पाहिलं आणि गंभीर होऊन म्हणाल्या, "करपलेला नैवेद्य देवाले चालत नाही, बाबू. पुन्हा या लागंल."

मी मान खाली घालून राख ओढत बसले. हसू आवरेना आणि रडूही.

पण पुन्हा जाणं झालं नाही. दिवाळीच्या आधी त्या न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण उठायची हिंमत गेली. तेव्हापासून पलंगच. भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. यंदा मृग गेला, आर्द्रा गेली, बांध्या भरल्या, रोवण्या लागल्या. हायवेच्या ट्रकांचं पाणी उडून आमची पुढची भिंत ओली झाली. सासूबाईंनी एकाही देवाचं नाव काढलं नाही. मला माझे रविवार परत मिळाले. मी रविवारी झोपते, कपडे धुते, पुन्हा झोपते आणि तरी थकलेलीच उठते. चहाच्या वेळी ती खणखणीत हाक येत नाही, तेव्हा घर नको वाटतं.

मागच्या शनिवारी पवनीकडच्या एका पालकाने शाळेत सांगितलं, गोशाच्या धरणाचे दरवाजे उघडले, पाणी पाहायला जत्रा लागली आहे. संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "गोशाचा नवस राहिला आहे."

त्याचा घास हातातच राहिला. "कोणता नवस? कधी बोलली होती माय?"

"तुम्ही शुद्धीवर नव्हते."

आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि हे असं तोंडातून निघालं की पापणीही हलली नाही. त्याचा हात सळईवर गेला. पण तो काही अगदीच भोळा नाही. घास ताटात ठेवून म्हणाला, "पण धरणावर कोणता देव आहे?"

याचा मी विचारच केला नव्हता. मी वरणाचं पातेलं उगाच ढवळत बसले.

आतल्या खोलीतून पलंग करकरला. इतक्या महिन्यांनी कूस बदलल्याचा आवाज आला.

"आहे," सासूबाई आतून म्हणाल्या. "मोठा जागृत आहे." मग मुद्दाम मला ऐकू जाईल अशा आवाजात, "त्याले पानगे नाही लागत, बाबू. घरचा डबा नेला तरी भागते."

नवरा चाबी शोधायला उठला. मी फळीवरचा मोठा डबा काढला आणि पुसायला घेतला.