एक नंबर कोण?

झरी गावात आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरच्या, जळालेल्या सगळ्या मोटारी तिथं नवी तार भरून घ्यायला येतात. दुकानाच्या मागं पत्र्याची एक खोली, तिथं माझं शिलाई मशीन, आणि पत्र्याच्या पलीकडं चहाचं हॉटेल. पत्रा इतका पातळ की पलीकडं कुणी साखर जास्त मागितली तरी मला कळतं. त्यामुळे गेल्या वर्षी त्या हॉटेलात पेटलेला वाद मी पहिल्या शब्दापासून ऐकला.

मागच्या दहा वर्षांत आपल्या भागात एक नंबरचा बॉक्सर कोण झाला, असा तो वाद. हॉटेलवाला म्हणायचा, आमचे मालक. एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर रोज पेपर वाचायला येतात, ते म्हणायचे, गंगाखेडचा तो उंचापुरा गडी.

"तुमचा मानूस चपळ व्हता, मी न्हाई म्हनत न्हाई," कंडक्टर म्हणायचे. "पन गंगाखेडवाल्याचा एक ठोसा पडला की समोरचा आडवा."

"आवो, आमच्या मानसाला आजवर कुनाचा ठोसा लागलाच न्हाई. ते बोला की!"

हॉटेलवाल्याचं हे वाक्य आलं की माझा मशीनवरचा पाय थांबायचा. कारण ठोसा लागला होता. तोही सामन्यात नाही, सरावात. डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. नांदेडला ऑपरेशन केलं, पण नजर काही आली नाही. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की उजव्या डोळ्याचा पडदाही कच्चाच आहे, डोक्याला पुन्हा मार लागला तर तोही जाईल. मालकांनी त्या दिवशी बॉक्सिंग सोडलं. लोकांना सांगितलं, दुकान वाढलंय, वेळ मिळत न्हाई. खरं काय ते आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. "मार खाऊन डोळा गेला म्हनलं की लोक मागचं समदं इसरतात," ते म्हणाले आणि माझ्याकडून शपथ घेतली.

तेव्हापासून मी त्यांच्या डाव्या बाजूला चालते. बाजारात, लग्नात, एसटीच्या स्टँडवर, कुठंही. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही. ते पाणी ओतायला गेले की धार पेल्याच्या बाहेर पडते. पाहुणे असले की मी आधीच तांब्या उचलते. बायका हसतात, नवऱ्याला हातानं पाणीसुद्धा घेऊ देत नाही म्हणून. हसू देत.

हा वाद मुळात वेड्यासारखा होता, आणि ते मला पत्र्याच्या अलीकडं बसून कळत होतं. दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती, कारण वजनाचे गटच वेगळे. सामना जवळ आला की मालक अर्ध्या भाकरीवर यायचे, उन्हात स्वेटर घालून परभणीच्या रस्त्यानं पळायचे. गंगाखेडचा गडी त्यांच्या दीडपट. पण आमच्याकडं सगळ्यांच्या डोक्यात कुस्ती. कुस्तीच्या फडात कोण वजन करतं? दोन गडी शेजारी उभे करायचे, नजरेनं मापायचे, लावायची जोड.

"जोड लावल्याबिगर फैसला व्हत न्हाई," एके दिवशी कंडक्टर म्हणाले. हॉटेलवाल्यालाही ते पटलं. इतके दिवस भांडणारे दोघं एकमताचे झाले. आठ दिवसांत यात्रा कमिटीनं ठरवूनसुद्धा टाकलं. चैत्रातल्या यात्रेत कुस्त्या संपल्या की शेवटची जोड बॉक्सिंगची. जिंकेल त्याला मानाचा फेटा, आणि दहा वर्षांतला एक नंबर तोच.

फडाची एक रीत आहे. हलगीवाले वाजवत वाजवत पैलवानापुढं येऊन उभे राहतात. हलगी पुढं वाजली की गड्यानं उठायचं. बसून राहिला तर तो न लढताच पडला असं गाव धरतं, आणि पोरांच्या लग्नातसुद्धा ते काढतं.

"हात दुखतोय म्हना," मी मालकांना म्हणाले.

"खोटं बोलून बसू?"

"मंग खरं बोला."

ते तारेचं बंडल सोडवत राहिले. मग म्हणाले, "अंगाला हात लावू देत न्हाई मी त्याला. बग तू."

पण तेच तर मला दिसत होतं. समोरच्याचा उजवा हात येतो तो ह्यांच्या डाव्या बाजूनं. आणि त्या बाजूला ह्यांच्यासाठी नुसता अंधार. यात्रेपर्यंत माझ्या जिवाला थारा नव्हता. ब्लाउजच्या दोन्ही बाह्या मी एकाच बाजूच्या कापल्या. भाजीत मीठ दोनदा पडलं. मालक मुकाट्यानं जेवले. भीती त्यांनाही वाटत असणार, पण विचारायची सोय नव्हती.

यात्रेच्या दिवशी आम्ही बायका देवळाच्या ओट्यावर बसलो. फडाच्या मातीत बाईनं पाय ठेवायचा नाही, ओट्यावरूनच बघायचं. कुस्त्या कोण जिंकलं, कोण हरलं, मला काही आठवत नाही. हलगी मालकांपुढं आली तेवढं आठवतं. ते उठले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. रीतीप्रमाणे दोघांचे हात हातात देऊन पंचांनी त्यांना फडातून फिरवलं. गंगाखेडचा गडी आता अंगानं सुटला होता, पण मनगट अजून माझ्या पोटरीएवढं. तो नेमका ह्यांच्या डाव्या बाजूनं चालत होता.

हातमोजे चढवले. गड्यानं ह्यांच्या डाव्या अंगानं सलामीसाठी हात पुढं केला. मालकांना तो दिसलाच नाही. हात तसाच हवेत राहिला.

"माज आलाय माज!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. गड्याचा चेहरा बदलला. त्यानं पाय रोवले, उजवा हात मागं घेतला.

मी ओट्यावरून कधी उतरले ते मला कळलं नाही. पायाला माती लागली तेव्हा भान आलं. हलगी अडखळत थांबली. मी जाऊन मालकांच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि गड्याला म्हणाले, "भाऊ, हात खाली घ्या. ह्यांला ह्या डोळ्यानं दिसत न्हाई. दुसराबी जाईल."

गड्यानं दातानं मोज्याची दोरी सोडली आणि मला हात जोडले. कमिटीनं तरी फेटा त्यालाच बांधला. मालक कुणाकडं न बघता निघाले. मी पळत जाऊन डावी बाजू धरली, तर म्हणाले, "सरक. चालता येतं मला."

त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे थांबले. पाणी स्वतः ओतून घ्यायचे. धार जमिनीवर पडायची, मी बघत बसायची. शपथ मोडल्याचं मला दुःख नव्हतं, आजही नाही. त्यांचा डोळा राहिला. पण त्या डोळ्यानं ते आता माझ्याकडं बघणारच नाहीत की काय, ही धास्ती होती.

जेठ लागला, पेरणीची गडबड सुरू झाली. एके सकाळी पलीकडून कंडक्टरांचा आवाज आला. "चला, इषयच मिटला. एक नंबर गंगाखेड."

मला वाटलं हॉटेलवाला काही बोलेल. तो कप विसळत राहिला. मग मात्र माझं डोकं फिरलं. हातातलं कापड टाकून मी तरातरा हॉटेलात गेले.

"कामून मिटला? तो गडी ह्यांच्या दीडपट. बोकडाची आन् बैलाची जोड लावता का तुमी? लावता? ह्यांच्या वजनात ह्यांला हरवनारा एक तरी गडी सांगा. मंग म्हना गंगाखेड!"

कंडक्टरांचा चष्मा नाकावर आला. "वैनी, तसं न्हवं... पन वजन किती व्हतं ह्यांचं?"

"साठ किलो!" मी तावातावानं म्हणाले.

शेजारी दुकानात चालू असलेल्या मोटारीची घरघर बंद पडली.

"साठ न्हाई," आतून आवाज आला. "छप्पन. किती बार सांगितलंय तुला."

मालक तारेचं बंडल हातात घेऊनच बाहेर आले. माझे डोळे भरले होते, पण वाद अर्धा सोडायचा नव्हता. ते येऊन कंडक्टरांसमोर उभे राहिले, आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला.

ते सरक म्हणाले नाहीत.